जुन्या दुखण्यावर हलका हात: जोर न लावता आराम कसा द्यायचा

जुनाट दुखणं असलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला की बहुतेक जण पहिल्याच मिनिटात जास्त जोर लावतात. कुठे दुखतंय ते विचारायचं, तिथे अंगठा रोवायचा आणि 'गाठ' सुटेपर्यंत रगडायचं. कालच अवघडलेल्या पाठीला हे कधीकधी चालून जातं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याची गोष्ट वेगळी. मूळ इजा कित्येकदा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था अजून सावधच असते. साधा दाबही तिला धोका वाटतो, मग स्नायू आणखी आवळतात आणि दुसऱ्या दिवशी ठणका वाढतो. त्या भागाला काही धोका नाही, एवढंच हाताने पटवून द्यायचं असतं. स्नायूंभोवतीची चिवट आवरणं बोटांच्या हलक्या दाबाने लांबत नाहीत आणि अंगातून 'विषारी द्रव्यं' बाहेरही पडत नाहीत, हे आधीच मान्य केलं की जोर लावायचा मोह निम्मा होतो.

१९६५ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच दुखण्याच्या संदेशांना काही अंशी अडवू शकतात. लागलेल्या जागी आपला हात आपोआप जातो आणि आपण ती चोळतो, त्यामागे हेच आहे. शिवाय केस असलेल्या त्वचेत संदेश संथपणे नेणारे काही बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा ऊबदार हात त्यांना सर्वांत चांगला कळतो. झपझप चोळलं किंवा गार हात लावला तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. खाली दिलेला हात फिरवण्याचा वेग यावरूनच ठरला आहे.

आधी हे बघा

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेभोवती बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं यांपैकी काही दिसलं तर मालिश राहू द्या आणि तडक रुग्णालय गाठा. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला नव्याने सुरू झालेलं दुखणं असेल, तर आधी निदान.

रक्त पातळ करणारी औषधं, ठिसूळ हाडं, बरीच वर्षं घेतलेली स्टिरॉइड्स, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. संधिवाताभ सांधेदाह (आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्यांच्या मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, त्यांच्या मानेवर काहीही करू नका. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर "दुखत नाही" या उत्तरावर विसंबता येत नाही. मानेची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्यामागची खळगी इथे दाब कोणालाच द्यायचा नाही, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा त्वचेच्या अगदी जवळून जातात.

हाताचं वजन ओळखा

'हलकं' म्हणजे किती, यावर कोणाचंच एकमत नसतं, म्हणून वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला चालतो. सैल सोडलेला पंजा त्यावर ठेवलात की साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास आकडा येतो. सुरुवातीच्या सगळ्या कामाला एवढंच पुरतं. आता चार बोटांच्या पेरांनी २०० ते ३०० ग्रॅम दाबून पाहा, त्वचा सरकवताना तेवढा दाब लागतो. इथे सांगितलेल्या कुठल्याच कृतीत एक किलोच्या वर जायचं नाही. मग एकदा नेहमीसारखा अंगठा रेटून काट्याकडे बघा. आकडा सहज चार-पाच किलोंवर जातो, आणि तोही अंगठ्याच्या टोकाएवढ्या जागेवर. दुखऱ्या माणसाचं अंग का आक्रसतं ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

तयारी

खोली उबदार हवी, तुमचे हातही. नखं कापलेली, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवलेलं. तेल मुळात लागत नाही. त्वचा सरकवण्याच्या कृतीत तर ते अडचणच करतं, कारण हात घसरतो आणि त्वचा जागेवरच राहते. पातळ सुती कपड्यावरूनही काम होतं.

पालथं झोपवण्याचा आग्रह नको. जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांना ती स्थिती पाच मिनिटंही सोसत नाही. कुशीवर झोपवा. डोक्याखाली उशी अशी हवी की मान खाली झुकणार नाही, दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी आणि छातीशी धरायला एक. उताणं झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली लोड. तेही नको असेल तर खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर उशीत डोकं टेकवता येतं.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवा. शून्य ते दहा या मोजपट्टीवर आत्ता दुखणं किती आहे ते विचारून लिहून ठेवा. आणि "थांब" म्हटलं की हात लगेच उचलायचा, कारण विचारायचं नाही. आपण थांबवू शकतो ही खात्री असली की अंग लवकर सैल पडतं. जुन्या दुखण्याची माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सोसत राहतात, तेव्हा तोंडच्या उत्तराइतकंच शरीराकडेही लक्ष ठेवा. धरलेला श्वास, वळलेली मूठ, आखडलेली पायाची बोटं, कपाळावरची आठी यांतलं काहीही दिसलं की दाब निम्मा करा.

क्रम

*स्थिर हात.* पहिला हात दुखऱ्या जागेवर ठेवायचा नाही. कंबर दुखत असेल तर खांद्याच्या पात्यांमधल्या भागावर, मान दुखत असेल तर पाठीच्या मध्यावर. पूर्ण पंजा टेकवा, बोटं सैल. दोन मिनिटं काहीही करायचं नाही. हाताखाली श्वास जाणवू लागतो, हळूहळू तो लांबतो. मग हात न उचलता दुखऱ्या जागेकडे सरकवा आणि तिथेही दोन मिनिटं थांबा. करणाऱ्याला ही चार मिनिटं फार लांब वाटतात आणि इथेच घाई होते.

*संथ हात.* मानेच्या खालून माकडहाडापर्यंत, मणक्यांच्या एका बाजूने, पूर्ण तळहात टेकवून खाली या. वेग सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर. प्रौढ माणसाची पाठ ४५ सेंटिमीटर धरली तर एका फेरीला १५ सेकंद लागतात. मनात मोजा, कारण अंदाजाने फिरवलेला हात जवळजवळ नेहमी दुप्पट वेगाने जातो. एक हात खाली पोहोचायच्या आत दुसरा वर टेकवा, म्हणजे स्पर्श तुटत नाही. प्रत्येक बाजूला सहा फेऱ्या. थेट मणक्यांवर दाब नको. बोटांच्या टोकांनी ओझरता हात फिरवू नका, त्याने गुदगुल्या होतात किंवा अंगावर काटा येतो आणि माणूस उलट सावध होतो.

*त्वचा सरकवणं.* माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी कृती ही, आणि सर्वांत जास्त चुकीची केली जाणारीही हीच. दुखऱ्या जागेपासून चार बोटं लांब, चार पेरं सपाट टेकवा. बोटं त्वचेवरून न घसरवता त्वचेलाच सोबत घेऊन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकवून बघा. एखाद्या दिशेला ती दोन-तीन सेंटिमीटर सहज जाते, तर दुसरीकडे अर्ध्या सेंटिमीटरवरच अडते. अडलेल्या दिशेशी झटू नका. सहज जाणाऱ्या दिशेला, ताण नुकता जाणवेल इतकंच न्या आणि ६० ते ९० सेकंद थांबा. बोटांखाली मऊपणा किंवा ऊब जाणवली की सावकाश सोडा. मग अडलेली दिशा पुन्हा तपासा, बहुतेकदा ती थोडी खुललेली असते. खुलली नसली तर तसंच राहू द्या. एका वेळी चार-पाच जागा पुरेत. बोटं घसरत असतील तर तेल किंवा घाम पुसा, जास्त दाबणं हा त्यावर उपाय नाही. आणि जखमेचा व्रण सहा आठवड्यांहून जुना आणि पूर्ण बंद झालेला असेल, तर त्याच्या कडेने हेच करता येतं, व्रणावर आडवा ताण देऊन नाही.

*स्नायू सैल स्थितीत धरणं.* दुखऱ्या स्नायूला ताणण्याऐवजी त्याची दोन टोकं जवळ आणायची. खांदा आणि मानेमधल्या भागासाठी माणसाला उताणं झोपवा. वरच्या कडेवर एका बोटाने सर्वांत हुळहुळी जागा शोधा आणि तिथलं दुखणं चारच्या वर जाणार नाही इतकंच दाबा. बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने डोकं त्याच खांद्याकडे थोडं झुकवा. त्या बाजूचा हात शरीरापासून दूर, साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत आणून उशांवर टेकवा. दर वेळी विचारा, "आता तिथे किती?" चाराचं एक झालं की ती स्थिती बरोबर. दाब काढा, बोट नुसतं टेकलेलं राहू द्या आणि ९० सेकंद थांबा. परत आणताना पहिल्या काही अंशांत फार हळू यायचं. तिथे घाई झाली तर स्नायू दचकून पुन्हा आवळतो आणि केलेलं वाया जातं. डोकं आणि हात तुम्ही हलवायचे, त्या माणसाने मदत करायची नाही. तो मदत करत असेल तर तुम्ही सोडल्यावर त्याचा हात हवेतच राहतो, त्यावरून ओळखा.

कंबरेसाठी याचीच सोपी आवृत्ती म्हणजे जमिनीवर उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवणं. कमरेत आणि गुडघ्यात काटकोन झाला पाहिजे. पाच ते दहा मिनिटं. यात दुसऱ्या कोणाची गरजही नाही.

*कवटीखालचा आधार.* मानेपासून डोक्यात चढणाऱ्या दुखण्यासाठी. माणसाला उताणं झोपवून त्याच्या डोक्याच्या मागे बसा, तुमच्या हातांची मागची बाजू गादीवर टेकवा, कवटीची मागची कड संपते तिथल्या मऊ भागात बोटांची पेरं ठेवा आणि डोक्याचं वजन त्यांवर आपोआप येऊ द्या. डोकं उचलायचं नाही, मागे झुकवायचं नाही, ओढायचंही नाही. दोन ते तीन मिनिटं. चक्कर, दुहेरी दिसणं, बोलणं अडखळणं, तोंडाभोवती मुंग्या यांतलं काही झालं तर लगेच थांबा. ते स्नायूंचं लक्षण नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा मानेला हात लावू नका.

शेवटी पुन्हा एक मिनिट स्थिर हात, मग हात उचला. उठताना आधी कुशीवर, मग बसतं.

स्पर्शच सोसत नसेल तर

काहींना कपडा घासलेलाही सहन होत नाही. तिथे "सवय होईल" म्हणून हात ठेवून बसू नका. जिथे स्पर्श नेहमीसारखा लागतो तिथून सुरुवात करा. उजवा पंजा दुखत असेल तर डावा, नाहीतर उजवा दंड. काही दिवसांनी कडेकडेने जवळ या. दुखऱ्या भागाच्या कडेवर पोहोचलात की त्या माणसाचा स्वतःचा हात खाली आणि तुमचा त्यावर, असं करून बघा. स्वतःच्या हाताचा स्पर्श मेंदूला आधीच ठाऊक असतो, म्हणून तो कमी टोचतो. मऊ कापड, मग थोडं खरखरीत, असे टप्पे दिवसाला दोन-तीन मिनिटं घेता येतात. एकाच हातात किंवा पायात सूज, रंगात बदल आणि जळजळ एकत्र असेल तर हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

किती, आणि नंतर काय

पहिल्या वेळी एकूण १५ मिनिटं, बरं वाटत असलं तरी जास्त नाही. परिणाम त्याच वेळी ठरवू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आकडा विचारा. तेवढाच किंवा कमी असेल तर पुढच्या वेळी पाच मिनिटं वाढवा. अर्ध्या तासाच्या वर नेऊन फारसं काही मिळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. आकडा दोनने वाढला असेल तर 'लागू पडतंय म्हणून दुखतंय' असं समजू नका. जुन्या दुखण्यात याचा अर्थ प्रमाण जास्त झालं. दोन दिवस थांबून निम्म्या वेळाने आणि निम्म्या जागांवर करा, आणि त्या वेळी फक्त स्थिर हात आणि संथ हात. एका वेळी दोन नव्या कृती सुरू केल्या तर कशाने वाढलं ते कळत नाही.

मिळणारा आराम काही तासांचा, कधी दोन-तीन दिवसांचा असतो. ती सवड वाया घालवू नका. तासाभराच्या आत पाच-दहा मिनिटं चालणं, किंवा दुखेल या भीतीने टाळली जाणारी एखादी साधी हालचाल, जसं खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं. स्पर्शाने दुखणं उतरलेलं असताना केलेली हालचाल मज्जासंस्थेला जे शिकवते ते नुसत्या मालिशीने शिकवलं जात नाही. चालू औषधं मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कमी करायची नाहीत. सहा आठवड्यांनी वही उघडून बघा. आकड्यात, झोपेत किंवा चालण्यात काहीच फरक नसेल तर वेळ वाढवत न बसता हे थांबवा आणि फिजिओथेरपिस्टकडून नव्याने तपासून घ्या.