माणदेशी लोकरीचे हातसूत घरच्या घरी

मऊ काश्मिरी शाल पाहून घरच्या शेळ्यांपासूनही असे सूत मिळेल का, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण सातारा-सांगलीकडच्या उस्मानाबादी शेळीकडून तशी अपेक्षा ठेवू नये. या शालीचे मऊ सूत, म्हणजे पश्मिना, मिळते ते लडाखच्या चांगथांग पठारावर, सुमारे 4,000 मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर राहणाऱ्या चांगथांगी शेळ्यांच्या अंगावर कडाक्याच्या थंडीत उगवणाऱ्या आतल्या लवीपासून. ही लव 12 ते 15 मायक्रॉन इतकी बारीक असते, वसंतात ती सुटू लागली की विंचरून काढतात आणि तिच्यातला वरचा राठ केस वेगळा केल्यानंतरच ती कातता येते. आपल्या शेळीच्या अंगावर आखूड केस असतात. कातण्याजोगी लव तिला येत नाही.

कातण्यासाठी आपल्याकडे आहे ती दख्खनी मेंढी. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत तिचे कळप आहेत. तिची लोकर भरड असते, हे आधीच मान्य केले तर पुढची निराशा टळते. जतकडची माडग्याळ मेंढी मात्र या कामाची नाही, कारण ती मांसासाठी पाळली जाते आणि तिच्या अंगावर लोकर तुरळकच असते.

लोकर वर्षातून साधारण दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, कातरली जाते. शक्य असेल तर कातरणीच्या एक-दोन दिवस आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन स्वच्छ जागेत वाळू द्याव्यात, म्हणजे निम्मी माती तिथेच निघून जाते. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, स्वतंत्र पिशवीत ठेवावी. जावळाच्या घोंगडीला मान असतो तो याच मऊपणामुळे, आणि गळ्याशी येणारी कोणतीही वस्तू करायची असेल तर याच लोकरीची करावी.

माझ्या मते या साऱ्या कामाचा निकाल चरख्यावर लागत नाही, तो निवडणीत लागतो. कातरलेली लोकर गोणपाटावर उजेडात पसरावी. खांद्याची आणि बरगड्यांवरची लोकर बहुधा एकसारखी आणि स्वच्छ असते. पोटाची मळलेली, मांड्यांची राठ, शेपटीजवळची लेंड्यांनी चिकटलेली. शेवटची सरळ खतात टाकावी. पावसाळ्यानंतर माळावर चरलेल्या मेंढ्यांच्या लोकरीत कुसळे घुसलेली असतात आणि ती नुसती झटकून निघत नाहीत: बट दोन्ही हातांनी अलगद फाकवून, कुसळाचे टोक चिमटीत धरून, ते ज्या दिशेने आत शिरले त्याच दिशेने पुढे ओढून काढावे लागते, कारण उलटे ओढले तर त्यावरची बारीक लव अडकून ते तुटते आणि उरलेला तुकडा पुढे मफलरीत मानेला टोचत राहतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. काळी, पांढरी आणि करडी लोकरही याच वेळी वेगळी करावी. या तीन रंगांच्या मेळातून इतके पट्टे साधतात की रंगवण्याची गरज क्वचितच भासते.

धुण्यासाठी रिठे उत्तम. ते रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घ्यावेत. या भागातील बोअरवेलचे पाणी पुष्कळदा जड असते, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि लोकरीवर चिकट थर बसतो, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी असल्यास तेच वापरावे. पाणी 50 अंशांच्या आसपास, हाताला चांगले कढत लागेल इतके असावे. त्यात लोकर दाबून बुडवावी आणि पाव तास तशीच ठेवावी. ती चोळू नये, ढवळू नये, नळाच्या धारेखाली धरू नये. उष्णता, साबण आणि घर्षण एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा गठ्ठा होतो, तो पुन्हा सुटत नाही. खळबळण्याचे पाणीही तितकेच कढत हवे. धुण्याचा सोडा टाळावा, त्याने तंतू कमजोर होतो. लोकर सावलीत, जाळीवर वाळवावी.

वाळलेली लोकर बोटांनी मोकळी करून तारेच्या दातांच्या दोन फळ्यांमध्ये विंचरावी. ती फार कोरडी असेल तर कातण्याच्या आदल्या दिवशी करडईच्या तेलाचे चार थेंब पाण्यात घुसळून शिंपडावेत. विंचरलेल्या पातळ थराची गुंडाळी करून पेळू तयार होतो.

सुती टकळी लोकरीला हलकी पडते. 30 ते 50 ग्रॅम वजनाची, लाकडी चकतीची चाती करून घ्यावी. पेळूतून थोडे तंतू ओढून घ्यावेत आणि मगच त्यांत पीळ जाऊ द्यावा. पीळ आधी पेळूत शिरला तर सुताला गाठी येतात. पीळ पुरेसा आहे का, हे पाहण्यासाठी वीतभर सूत सैल सोडावे. ते स्वतःभोवती सहज गुंडाळले गेले तर पीळ बरोबर, नुसते लोंबत राहिले तर कमी, आणि आकडे पडून वेडेवाकडे झाले तर जास्त. विणकामासाठी असे दोन एकेरी धागे एकत्र धरून उलट्या दिशेने फिरवावेत, म्हणजे सूत शांत होते. त्याची लड चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि टांगून वाळवावी.

जावळाच्या सुताची मफलर किंवा कानटोपी जाड सुयांवर, सैल विणीने करावी, कारण घट्ट वीण टोचते. मोठ्या मेंढीच्या सुताची टोपी करू नये. त्याची आसने, खांद्याच्या पिशव्या आणि बाटलीची आवरणे मजबूत होतात, आणि बाटलीत ओतलेले पाणी थंड ठेवायलाही ती उपयोगी पडतात. चौकटीवर विणायचे असल्यास ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ द्यावी. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून, पाण्यात शिजवून ती करतात. घोंगडी विणणाऱ्या सणगरांकडे ही खळ लावताना एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे, कारण तिचा दाटपणा लिहून सांगता येत नाही.

तयार वस्तू कसरीपासून जपण्यासाठी स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यासह सुती पिशवीत ठेवावी आणि मधूनमधून उन्हात झटकावी. विकायची असेल तर चिठ्ठीवर पश्मिना हा शब्द लिहू नये. काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तसे लिहिणे ही ग्राहकाचीही फसवणूक ठरेल. मेंढी कोणती, लोकर जावळाची की मोठ्या मेंढीची, आणि वस्तू थंड पाण्यात न पिळता धुवावी, एवढे स्पष्ट लिहावे. दर ठरवताना निवडणीचे तासही मजुरीत धरावेत, कारण घरच्या कामात नेमके तेच सोडून दिले जातात.