डाळिंबाचा हिशोब मोबाइलवर: बहारानुसार लिहा

आमची सांगोल्याकडची दीड एकर भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग. फवारणी नवरा बघतो, हिशोब माझ्याकडे.

वेगळं ॲप लागत नाही, गूगल शीट्स पुरे. रकाने सहाच ठेवा: तारीख, प्लॉट, बहार, कशासाठी, रक्कम, रोख की उधार. यातला ‘बहार’ म्हणजे फळ धरण्याचा हंगाम, हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेला, माल साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, म्हणजे खर्च एका वर्षात आणि पैसा पुढच्या वर्षात. जानेवारी ते डिसेंबर असा हिशोब धरलात, तर नफा कुठल्या बहाराचा हे कळायचंच नाही.

औषधांच्या दुकानातली उधारी माल घेतला त्याच दिवशी लिहा, पैसे देताना नव्हे. छाटणीला घरची माणसं राबली तरी गावातल्या दराने त्यांची मजुरी धरा. बायकांचे कष्ट खर्चात धरलेच जात नाहीत, हे मला मुळीच पटत नाही.

अडत्याची, म्हणजे बाजारात आपला माल विकून देणाऱ्याची, पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) हातात पडली की लगेच फोटो काढा. नुसती हातात आलेली रक्कम नको. वजन, प्रतवारीनुसार दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं वेगवेगळं मांडा. महाराष्ट्रात फळांची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासून खरेदीदाराने द्यायची आहे. तुमच्या पट्टीत ती कापलेली दिसली तर तिथल्या तिथे विचारा.

पीककर्ज फेडायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीच्या आठवणीसह. मुदत चुकली की व्याजसवलत जाते.