एमएस असलेल्या माणसाला भावना तोंडाने सांगा

माझ्या धाकट्या जावेला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, आहे. आम्ही जळगाव जिल्ह्यात सावद्याला एकत्र राहतो. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. चालणं, दिसणं बिघडतं हे लोकांना ठाऊक असतं. पण काही जणांना समोरच्याचा चेहरा वाचणंही जड जातं. हसू सहसा ओळखू येतं. राग आणि भीती निसटतात.

म्हणून रुसून बसू नका, सरळ सांगा. सासूबाई पूर्वी भुवया आवळून भाकरी थापत राहायच्या. तिला काहीच कळायचं नाही, आणि घरात 'हिला कुणाची पर्वा नाही' असं बोललं जायचं. फार अन्याय होता तो. आता त्या म्हणतात, "बाई, मला राग आलाय, कळण्याच्या पिठाचा डबा उघडा राहिला." ती लगेच झाकण लावते. टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकानेच बोला. टोमणे तर नकोतच.

तिचा चेहराही फसवतो. थकव्याने तो कोरा दिसतो. काहींना तर दुःख नसतानाही रडू किंवा हसू आवरत नाही. तर्क करू नका, "आता काय वाटतंय?" असं विचारा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि उष्णतेने लक्षणं तात्पुरती वाढतात. महत्त्वाचं बोलणं सकाळीच उरका.

उदासी दोन आठवडे हटली नाही तर न्यूरॉलॉजिस्टना सांगाच. या आजारात नैराश्य बरंच आढळतं आणि त्यावर उपचार आहेत.