पहिलं पिस्तूल घेण्याआधी: टेक्सासमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या बाजूला राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. शाळा कुठली चांगली, घर कुठे घ्यावं, भाकरीचं पीठ कुठे मिळतं, हे विचारायला नवीन आलेली मंडळी घरी येतात. हल्ली आणखी एक प्रश्न येतो. तो बैठकीच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात हळू आवाजात विचारला जातो: "ताई, तुमच्याकडे पिस्तूल आहे ना? आम्ही कुठलं घ्यावं?"

माझ्याकडे आहे, आणि बाहेर पडताना ते बरेचदा कपड्यांखाली कमरेला असतं. पण या प्रश्नावर मी आधी उलट विचारते, "तुमचा व्हिसा कुठला?"

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांपैकी काहीही असेल तर विषय तिथेच थांबवा. या व्हिसावरच्या माणसाने बंदूकच काय, काडतूसही बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर चालतं. शिकारीचा परवाना काढला की अडचण सुटते, असं दुकानात सांगतात. ती सवलत कायद्यात खरोखर आहे. तरी ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याचं पिस्तूल हातात घेण्यालाही हेच लागू. आणि "वहिनी, तुमच्या नावावर घ्या, पैसे मी देतो" असं कुणी म्हणालं, तर कितीही जवळचा असो, नाही म्हणा. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. खरा खरेदीदार तुम्हीच का, हे त्यात विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

आता पिस्तुलाकडे वळते. आपल्याकडे गावातल्या एखाद्या पाटलाकडे परवान्याचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर असतं आणि निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, एवढीच आपली ओळख. ९ मिमी (हे काडतुसाचं माप) तिकडे सामान्य माणसाला सहसा परवान्यावरही मिळत नाही. इथे मात्र सगळ्यात जास्त चालतं ते ९ मिमीच, आणि नवशिक्याने तेच घ्यावं. काडतूस कुठल्याही दुकानात मिळतं, त्यातल्या त्यात स्वस्त पडतं, म्हणून सराव होतो. सराव परवडत नसेल असं पिस्तूल घेऊच नका.

माझी पहिली खरेदी चुकली. "लेडीजसाठी हे बेस्ट," म्हणत दुकानदाराने तळहातात मावेल असं एक छोटं, हलकं पिस्तूल पुढे केलं. तीनशे ग्रॅमच्या आतलं. मला ते भाजीच्या पिशवीतही जाणवलं नसतं. रेंजवर पहिली गोळी झाडली आणि अंगठ्याच्या बेचक्यात सणकन कळ गेली. करंगळीला धरायला मूठच पुरत नव्हती. दहा गोळ्यांनंतर ट्रिगर दाबायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. तेव्हा कळलं ते असं: पिस्तूल जितकं हलकं आणि आखूड, तितका त्याचा धक्का हाताला जास्त. वजनदार पिस्तूल तो धक्का स्वतः सोसतं. लहान पिस्तूल लपवायला सोपं असतं, पण नेम धरून चालवायला तेच सगळ्यात अवघड.

म्हणून मधलं माप बघा. सिग सॉअर पी३६५ साधारण ५०० ग्रॅमचं आहे आणि त्याच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात. ग्लॉक ४३एक्सही त्याच मापातलं, फक्त मूठ थोडी लांब. ग्लॉक १९ याहून मोठं, रिकामं असताना ६७० ग्रॅमच्या आसपास. ते चालवायला फार शांत, पण डॅलसच्या जुलैमध्ये पातळ कुर्त्याखाली लपत नाही. ज्यांच्या मनगटात जोर कमी आहे, सांधे दुखतात, त्यांनी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी हातात घेऊन बघावं. त्याची स्लाइड, म्हणजे गोळी भरताना मागे ओढायचा पिस्तुलाचा वरचा भाग, मुद्दाम ओढायला हलकी ठेवली आहे. माझ्या एका मैत्रिणीला कुठलीच स्लाइड ओढता येत नव्हती, ही सहज ओढली गेली तेव्हा ती खुशीत हसली. रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते हे खरं, पण त्याचा ट्रिगर इतका जड असतो की तो दाबता दाबता नेम हलतो. "बाईमाणसाला रिव्हॉल्व्हरच बरं" हे ऐकून घ्या आणि सोडून द्या.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने चालवून बघा. एकेका पिस्तुलातून पन्नास गोळ्या तरी झाडा. बंद गळ्याचा टॉप घालून जा, कारण झाडलेल्या काडतुसांच्या तापलेल्या पुंगळ्या उडून गळ्यातून आत जातात आणि भाजतात. त्या दचक्यात पिस्तूल धरलेला हात दुसरीकडे वळतो, खरा धोका तो.

पिस्तुलावर सहाशे डॉलर घालवून होल्स्टर, म्हणजे ते कमरेला अडकवायचं म्यान, वीस डॉलरचं घेणारे लोक मी पाहिले आहेत. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि जाड पट्टा हवाच. साडीवर किंवा नाडीच्या सलवारीवर हे जमत नाही. त्या दिवशी पिस्तूल घरी ठेवा. पर्समध्ये ठेवू नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. ती पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली, चेनच्या कप्प्याची होती. आपल्याकडे मुलं आईच्या पर्समध्ये हक्काने हात घालतात.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना काढाच. चाळीस डॉलर फी, चार ते सहा तासांचा वर्ग आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर फेडरल बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. आपल्या वस्त्यांमध्ये दर दोन रस्त्यांआड शाळा आहे, तेव्हा विनापरवाना माणूस नकळत गुन्हेगार ठरू शकतो. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नाही. आपल्या मंडळाचा गणपती, दिवाळीचं नाटक शाळेच्या सभागृहात असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत. दारावर ३०.०६ ची पाटी (परवानाधारकालाही लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई करणारी) असेल तर आत न्यायचं नाही, बारच्या दारावर लाल ५१% (निम्म्याहून अधिक कमाई दारूची, अशी खूण) दिसला तर नाहीच. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया टेक्सासचा परवाना मानत नाहीत, त्यामुळे नातेवाइकांकडे जाताना ते सोबत नेऊ नका.

एक गोष्ट मी कधी वगळत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. नोकरी गेली आहे, घरात कुणी महिनोन्‌महिने गप्प आहे, किशोरवयीन मूल खोलीतून बाहेर येत नाही, अशा घराने पिस्तूल आणू नये. आधीच असेल तर तिजोरीचा आकडा बदला किंवा ते काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवायची सोय करा. ९८८ या मदतीच्या फोन नंबरवर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. अशा एका घरी मी स्वतः जाऊन बसले आहे, म्हणून घरात सगळं ठीक आहे ना, हे विचारायला मला संकोच वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका.

तिजोरी पहिल्या दिवशीच हवी, पिस्तुलाबरोबर नव्हे तर आधी. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की कपाटं आवरतात, गादी उलटतात. गादीखाली, कपड्यांच्या घडीत ही आपल्या पैसे ठेवायच्या जागा आहेत, पिस्तुलाच्या नाहीत.

पुण्याला निघायचं म्हणून एकदा बॅग भरत होते. चॉकलेटं, आईची औषधं, भाच्याचे बूट. बॅगेच्या अस्तराला बारीक उसवण होती, तिथे बोटाला काहीतरी टणक लागलं. ९ मिमीचं एक सुटं काडतूस. कधीतरी रेंजवर नेलेली तीच बॅग होती. भारताच्या विमानतळावर ते सापडलं असतं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला असता, आणि चुकून राहिलं हे कोर्टात पटवेपर्यंत सुट्टी, नोकरी, सगळं बाजूला राहिलं असतं. तेव्हापासून रेंजची बॅग वेगळी, लाल रंगाची आहे. ती गॅरेजमध्येच असते. प्रवासाच्या बॅगांचं अस्तर मी निघायच्या आदल्या रात्री टॉर्च लावून, शिवणीवरून बोट फिरवून तपासते.