शेवटचा कोलन पुसू नका: मॅनपाथ बदलण्याआधीची तयारी

लिनक्सवर कमांडची माहिती देणारी पानं मॅन दाखवतं, आणि ती कोणत्या डिरेक्टऱ्यांत शोधायची ती यादी म्हणजे मॅनपाथ. गेल्या वेळी सगळ्यांच्या वापरातल्या एका सर्व्हरवर मी मॅनपाथची एकच ओळ टाकली आणि समाधानानं लॉगआउट केलं. दोन दिवसांनी एक सहकारी विचारत आला, "तुमच्याकडे मॅन एलएस उघडतं का हो?" उघडत नव्हतं. कोणाकडेच उघडत नव्हतं. रोजच्या कमांडपैकी एलएस नाही, ग्रेप नाही, खुद्द मॅनचं पान नाही. सगळीकडे "नो मॅन्युअल एंट्री". मी नव्यानं बसवलेल्या टूलची चार पानं मात्र झकास उघडत होती, आणि मी तपासली होती तीच. म्हणून ही यादी. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी मॅनची जी आवृत्ती असते, ती मॅन-डीबी धरून लिहितोय.

आधी एक खुलासा. मॅनपाथ नावाची कमांडही आहे आणि व्हेरिएबलही, म्हणजे शेलमध्ये त्या नावानं ठेवलेली किंमत. इंग्रजीत व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत लिहितात म्हणून फरक कळतो, देवनागरीत ती सोय नाही. त्यामुळे कुठलं ते दरवेळी सांगेन.

काहीही बदलण्याआधी मॅनपाथ कमांड चालवा आणि जी यादी येईल ती एका फाइलमध्ये ठेवून द्या. दहा सेकंदांचं काम. मी ते केलं नव्हतं, म्हणून नंतर "आधी काय होतं" हे आठवणीवर सांगत बसलो.

मग स्वतःला विचारा: व्हेरिएबलला हात लावायची गरज आहे का? बहुतेक वेळा नसते. मॅन-डीबी पाथमधली (शेल जिथे कमांड शोधतं त्या यादीतली) प्रत्येक डिरेक्टरी बघतं आणि तिच्या शेजारी मॅन किंवा शेअर/मॅन सापडलं तर ते आपणहून यादीत घेतं. म्हणजे टूलचं बिन (प्रोग्रॅमची डिरेक्टरी) आणि शेअर एकाच छपराखाली असतील तर बिन पाथमध्ये घाला, पानं मागोमाग येतात. हे मला माहीत असतं तर ही यादी लिहायची वेळच आली नसती.

पानं दूर कुठेतरी असतील तर दोन रस्ते आहेत. मशीन तुमच्या ताब्यात असेल तर कॉन्फिग फाइल. डेबियन आणि उबुंटूवर ती ईटीसी डिरेक्टरीमध्ये मॅनपाथ डॉट कॉन्फिग या नावानं असते, फेडोरा आणि आर्चवर मॅन अंडरस्कोर डीबी डॉट कॉन्फ. तिच्यात मॅनपाथ अंडरस्कोर मॅपच्या ओळी दिसतील: आधी बिनची जागा, मग तिची पानं कुठे आहेत ते. तशीच एक ओळ खाली जोडा, झालं. ताबा नसेल तर व्हेरिएबल. आणि व्हेरिएबल म्हटलं की कोलन.

आता नीट वाचा. मॅनपाथ व्हेरिएबलमध्ये नुसत्या डिरेक्टऱ्या लिहिल्या तर मॅन तेवढ्याच बघतं, कॉन्फिगमधली यादी पूर्ण बाजूला टाकतं. शेवटी कोलन ठेवला तर तुमच्या डिरेक्टऱ्या आधी आणि सिस्टिमची यादी मागून. कोलन सुरुवातीला ठेवला तर सिस्टिमची आधी, तुमची नंतर. मधे दोन कोलन लागोपाठ दिले तर सिस्टिमची यादी त्या फटीत बसते. कोलन कुठेच लोंबकळत नसेल तर सिस्टिमची यादी गेली. एररही येत नाही, मॅन मुकाट्यानं "एंट्री नाही" म्हणतं.

मी तो कोलन पुसला का, हे सांगतो, कारण तुम्हीही पुसाल. नेहमीच्या पद्धतीनं लिहिलं होतं: नवी डिरेक्टरी, कोलन, मग व्हेरिएबलची जुनी किंमत. जुनी किंमत रिकामी होती, त्यामुळे एको करून किंमत छापल्यावर शेवटी एक कोलन उघडाच दिसला. पाथच्या बाबतीत असा शेवटचा कोलन म्हणजे "आत्ता जिथे उभा आहेस ती डिरेक्टरीही शोध", आणि ते धोक्याचं असतं. तो दिसला की पुसायचा ही सवय हाताला इतकी लागलेली, की मी विचार न करता पुसला. पाथमध्ये जे शहाणपण, तेच मॅनपाथमध्ये घात. जुनी किंमत रिकामी असेल तर कोलनच घालायचा नाही अशी शेलमधली हुशार युक्ती पाथसाठी वापरत असाल, तर ती इथे आणू नका. तीही हेच करते, फक्त जास्त सफाईनं.

शाळेत या चिन्हाला अपूर्णविराम म्हणायचे. तेच नाव डोक्यात ठेवा: यादी अजून पुरी झालेली नाही, पुढचं सिस्टिमकडून घे. अपूर्णविराम पुसलात की तुम्ही मॅनला सांगता, यादी संपली.

इशारा मिळतो, पण मॅनकडून नाही. मॅनपाथ कमांड चालवली तर यादीच्या आधी एक सूचना येते. तीत "अपेंडिंग" असेल तर तुमचा कोलन शेवटी आहे, "प्रीपेंडिंग" असेल तर सुरुवातीला. "इग्नोरिंग" दिसलं तर थांबा, कॉन्फिग फाइल दुर्लक्षित होतेय, कोलन गेलाय. मी ही सूचना पाहिली होती. वॉर्निंगच आहे, एरर नाही, म्हणून पुढे गेलो.

डिरेक्टरी देताना मॅन१ किंवा मॅन८ अशा एकेका विभागाच्या देऊ नका, त्यांच्या वरची द्या. मॅन आत जाऊन विभाग स्वतः शोधतं. पान जीझिप केलेलं असलं तरी चालतं.

परवानग्या बघा. स्वतःच्या खात्यातून कॉपी केलेली पानं दुसऱ्यांना वाचता येत नसतील तर त्यांनाही तेच "एंट्री नाही" दिसतं, आणि मग तुम्ही तासभर कोलन शोधत बसता. डिरेक्टरीला ७५५, फाइलला ६४४.

व्हेरिएबल मॅनपर्यंत पोचवणारं एक्स्पोर्ट विसरू नका. याहून जास्त सांगायला नको.

क्रमही बघा. तुमची डिरेक्टरी आधी असेल आणि तिच्यात एखाद्या कमांडचं जुनं पान पडलेलं असेल, तर मॅन तेच दाखवणार. मग पानात लिहिलेला ऑप्शन कमांड ओळखत नाही आणि दोष कमांडला. मॅनला डॅश डब्ल्यू देऊन विचारा, पान कुठून आलं ते ते सांगतं. डॅश ए दिलं तर त्या नावाची सगळी पानं एकामागून एक उघडतं. प्रिंटएफसारख्या नावाला विभाग १ मध्ये एक पान आणि ३ मध्ये दुसरं असतं, तो घोळ वेगळा. तिथे आकडा देऊन मागा.

पान उघडतंय पण शब्दावरून पानं शोधणाऱ्या अप्रोपोसला सापडत नाही, "नथिंग अप्रोप्रिएट" म्हणतं? मॅनडीबी ही कमांड (हिच्या नावात डॅश नाही) चालवा, ती इंडेक्स बनवते. अप्रोपोस आणि व्हॉटइज तयार इंडेक्सवर चालतात. मॅनला त्याच्यावाचून अडत नाही.

तपासणी नव्या टर्मिनलमध्ये करा, जुन्यात नको. आणि तपासताना आपलं टूल उघडून खूश होऊ नका. एलएस उघडा. पासडब्ल्यूडीचं विभाग ५ चं पान उघडा. आपलं पान उघडणं ही परीक्षाच नाही, कोलन नसतानाही ते उघडतंच.

बाकीचं भराभर. रूट म्हणजे मुख्य खात्याच्या हक्कानं कमांड चालवणारं सुडो तुमचं व्हेरिएबल बहुधा पुढे नेत नाही, रूटसाठी कॉन्फिग फाइलच बरी. मॅकवर ईटीसीमध्ये मॅनपाथ्स नावाची फाइल आणि मॅनपाथ्स डॉट डी डिरेक्टरी आहे, ओळीला एक जागा. फ्रीबीएसडीवर मॅन डॉट कॉन्फ. ओपनबीएसडीवरही तेच नाव, पण तिथे इंडेक्ससाठी मेकव्हॉटइज. कोलनचा नियम तिथेही हाच. कंटेनरमध्ये एकही पान मिळत नसेल तर पाथला दोष देऊ नका, छोट्या इमेजमधून पानं मुळातच वगळलेली असतात.

लॉगआउट करण्याआधी व्हेरिएबल एको करा आणि टोकं बघा. शेवटी किंवा सुरुवातीला कोलन दिसायला हवा, नाहीतर मधे जोडीनं. दिसत नसेल तर घाला, आणि पुन्हा एकदा मॅन एलएस.