सोलापुरातून परदेशी मानवाधिकार इंटर्नशिप: तारखा, कागद आणि पैसा

कायदा शिकत असाल तर आधी कॉलेजचं वेळापत्रक समोर घ्या, जिनिव्हा नंतर. बार कौन्सिलच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या एलएलबीला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. पण कुठल्याही वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. हजेरी ७० टक्के हवी. आता दुसरी बाजू. जिनिव्हातलं संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालय, तिथलीच आंतरराष्ट्रीय कामगार संघटना म्हणजे आयएलओ, हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, या सगळ्यांना इंटर्न साधारण तीन ते सहा महिने हवा असतो. शिकता शिकता हे दोन हिशेब जुळत नाहीत. सेमिस्टर सोडून गेलं की हजेरी जाते, परीक्षेचा फॉर्म अडतो आणि मग प्राचार्यांच्या दारात उभं राहावं लागतं.

म्हणून खरी वेळ एकच: शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाल्यानंतरचं वर्ष. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात पहिल्या पदवीच्या अंतिम वर्षात असलेले, पदव्युत्तर शिकणारे आणि पदवी मिळून वर्ष न उलटलेले बसतात. इंटर्नशिप पदवीनंतर वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. तेव्हा अंतिम वर्षात असतानाच अर्ज सुरू करा. निकालानंतर ‘जरा दम घेऊ’ म्हणून सहा महिने घालवले तर निवड होऊनही व्हिसा येईतो मुदत संपते.

त्याआधीच्या सुट्ट्यांतले चार-चार आठवडे इथेच लावा. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, मुंबईचा राज्य मानवी हक्क आयोग, दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. परदेशच हवा असेल तर काठमांडू बघा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही आणि खर्च युरोपच्या मानाने खूपच कमी.

परदेशातल्या निवड समितीपुढे मोठ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या मुलांचे अर्ज ढिगाने असतात. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांच्या, ढाली मोजत बसलात तर त्यांच्या मागेच राहाल. सोलापूरकरांकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, आणि ते पायाशी पडलेलं आहे. शहराच्या पूर्व भागातली बाई कारखान्यातून पान-तंबाखू आणते, घरी बिड्या वळते, हजारामागे मजुरी घेते. पान कमी पडलं की पदरचे पैसे घालून आणते. माल द्यायला गेली की तपासणारा काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. या एका प्रसंगावर किती कायदे बोलतात ते पाहा. १९६६च्या बिडी कामगार कायद्यात कच्च्या मालाच्या आणि छाटीच्या वादाची तरतूद होती; ती जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, तेव्हा त्या बाईला आज कशाचा आधार आहे हा पहिला प्रश्न. आयएलओचा १९९६चा गृहकाम करार, क्रमांक १७७, घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक द्या म्हणतो; भारताने तो स्वीकारलेला नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक आराखडा करारात भारत आहे, आणि त्याचं १७वं कलम तंबाखूवर पोट असलेल्यांना पर्यायी रोजगाराचा विषय काढतं. हा झाला अर्जासोबत द्यायचा तुमचा लेखन नमुना.

तो पाच ते दहा पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात एकच कायदेशीर प्रश्न. मग वस्तुस्थिती, मग कायदा, मग दोघांमधली फट. सुरुवातीला मानवाधिकारांचा इतिहास सांगू नका. वाचणाऱ्याला तो पाठ आहे. प्रत्येक विधानाला तळटीप द्या आणि शेवटपर्यंत एकच संदर्भपद्धत ठेवा. कामगार बायकांची नावं, गल्ली, कारखान्याचं नाव घालू नका. तुमचा नमुना कुठे फिरेल ते तुमच्या हातात नसतं, आणि ओळख पटली तर काम जातं ते त्यांचं.

दुसरा विषय सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे ठेवलं त्या वस्तीचा. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले. ते रद्द करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७मध्ये भारताला सांगितलं. सेटलमेंट कॉलनीत राहणाऱ्या तरुणाला पोलिस ठाण्यात कसं वागवलं जातं हे विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात पाहिलेलं असेल, तर त्या समितीचं काम करणाऱ्या विभागाला लिहिलेलं तुमचं पत्र नक्की वाचलं जाईल.

सीव्ही आणि नाव

सीव्ही म्हणजे बायोडेटा नव्हे. फोटो, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, सगळं काढा. दोन पानांच्या आत संपवा. भाषांचा रकाना मात्र नीट भरा. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू यांतल्या तीन भाषा सोलापुरात अनेक घरांत सहज असतात, आणि दक्षिण आशियावर काम करणाऱ्या संस्थेला त्या उपयोगी पडतात. बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, हे वेगवेगळं आणि खरं लिहा. फ्रेंच येत असेल तर जिनिव्हा आणि हेग दोन्हीकडे वजन पडतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा, आणि कित्येकांनी तो रिकामा ठेवून सगळं ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात कोंबलेलं असतं. तेलुगू आडनावांत आणखी एक अडचण: इंग्रजीत कुठे एक ‘एल’, कुठे दोन. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, स्पेलिंग अक्षर अक्षर बोट ठेवून वाचा आणि पासपोर्टला प्रमाण माना. ऑनलाइन अर्जात, विमान तिकिटात, विम्यात तेच. फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका, वेळ आहे तोवर मूळ कागदच दुरुस्त करून घ्या. सोलापूरचे पासपोर्ट अर्ज पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला २००० जादा. पोलिस पडताळणीला घरी कुणीतरी हवं, म्हणून अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच हे उरका.

संयुक्त राष्ट्रांच्या जागांची अंतिम वेळ बहुधा न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीची असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ किंवा साडेदहा. तरी दोन दिवस आधी भरा. तीन ठिकाणी भरा, तीसमध्ये नको; एकच पत्र सगळीकडे पाठवलेलं पहिल्या ओळीतच कळतं. आयएलओ इंटर्नला भत्ता देते. हेगच्या फौजदारी न्यायालयाच्या करारात भारत नाही आणि सदस्य देशांच्या उमेदवारांना तिथे प्राधान्य मिळतं; अर्ज करता येतो, पण फक्त त्याच्या भरवशावर बसू नका.

व्हिसा

‘तीन महिने’ या शब्दाने फसू नका. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरतात. १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर मोजून पाहा: ९१ दिवस. त्या एका दिवसापायी प्रकार बदलतो, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा लागतो आणि दोन-तीन महिने हाताशी असावे लागतात. म्हणून स्वीकृतीपत्रावर नेमक्या तारखा, कामाचं स्वरूप आणि भत्ता आहे की नाही हे लिहून मागा. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. बोटांच्या ठशांसाठी सोलापूरबाहेर जावं लागतं. मुंबईची सकाळची वेळ मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी.

ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा करता येत नाही. अमेरिकेत साधारणपणे जे-१ व्हिसा लागतो, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजकाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म यावा लागतो. संस्थेच्या नुसत्या ईमेलवर काम होत नाही. ‘टुरिस्टवर जा, कोण बघतं’ असं सांगणाऱ्याचं ऐकून विमानतळावरून परत आलात, तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागेल.

पैसा

स्वखर्चाने येणाऱ्याने दिवसाला १०० फ्रँक दाखवावेत असा स्वित्झर्लंडचा दंडक आहे. विद्यार्थ्यांना त्यात सवलत असते, पण घरी हिशेब मांडताना १००च धरा. ९० दिवसांचे ९,००० फ्रँक, आणि फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे नऊ लाखांच्या वर, तिकीट वेगळं. हा आकडा घरी आधीच सांगा, निवड झाल्यावर नको. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे, इंटर्नशिप त्यात बसत नाही. भाडं वाचवायला काही जण फ्रान्सच्या हद्दीत खोली बघतात. पण स्विस डी व्हिसा म्हणजे फ्रान्समध्ये राहायचा परवाना नव्हे.

अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांनी, मामांनी खात्यात पाच लाख टाकले की नकार ओढवतो. पैसा आला कुठून ते दिसलं पाहिजे. शेतकरी घरात उसाचं बिल बँकेत जमा झालेलं असतं, कांद्याची आडतीची पट्टी असते, सातबारा असतो; हे सगळं इंग्रजी भाषांतरासह लावा. वडील खर्च उचलत असल्याचं पत्र आणि असल्यास आयकर विवरणपत्र सोबत द्या.

संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही फी घेत नाहीत. ‘यूएन इंटर्नशिप’च्या नावाने नोंदणी शुल्क मागणारा कुणीही असो, पैसे देऊ नका.

बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या, बाहेरचं एक जेवण परवडत नाही. तूप, खवा, पेढे मात्र घरीच ठेवा. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या की तुमच्या कामातलं काय बाहेर दाखवता येईल. तक्रारदारांची कागदपत्रं स्वतःच्या फोनवर घेऊ नका, टिपणंसुद्धा नकोत. परतण्याच्या दोन आठवडे आधी वरिष्ठांकडे तारखांसह प्रमाणपत्र मागा आणि कामाचं मूल्यमापन सहीनिशी घ्या. तिथली माणसं बदलली की नंतरच्या ईमेलला उत्तर येत नाही, आणि सनदेनंतर पुढच्या शिक्षणाचा अर्ज कराल तेव्हा हाच कागद मागतील.