भाऊजी घरी येण्याआधी

माझ्या थोरल्या दिरांना बौद्धिक अक्षमता आहे, जोडीला फिटचा त्रास. एका इस्पितळाच्या वॉर्डात १९ वर्षं काढून ते गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी आले, तेव्हा मी खोली रंगवून घेतली होती, नवी गादी आणली होती, पंखाही बदलला होता. पहिली रात्र ते घामाघूम होऊन बसून राहिले. वॉर्डात पंख्याची बटणं नर्सच्या टेबलामागे असायची. पंखा आपण लावायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून अशा माणसाला घरी आणण्याआधीच्या तयारीची ही यादी खोलीपासून सुरू होत नाही.

सगळ्यात आधी वॉर्डच्या अटेंडंटला गाठा. औषध डॉक्टरांना ठाऊक असतं, माणूस अटेंडंटला. दुपारची जेवणं उरकून वॉर्ड निवांत झाला की दोन-तीन दिवस त्याच्याजवळ वही घेऊन बसा. चहा पेल्यातून की कपातून? अंघोळ सकाळी की संध्याकाळी? दुखलं-खुपलं तर सांगता येतं, की नुसतेच कानावर हात मारून घेतात? कुणाच्या आवाजाला घाबरतात? आणि ‘नको’ कसं म्हणतात? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. भाऊजी ‘नको’ म्हणत नाहीत, ताट बोटभर पुढे सरकवतात. हे मला कळायला पंधरा दिवस लागले, आणि तोवर मी त्यांना रोज पेज वाढत होते.

आमच्या हाती पडलेला डिस्चार्जचा कागद एका पानाचा होता. चार औषधांची नावं आणि ‘फॉलोअप’. तेवढ्यावर समाधान मानू नका. मानसिक आजारासाठी उपचार चालू असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९८ आहे: घरी पाठवताना डॉक्टरांनी रुग्णाशी आणि तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करायची असते. ती लेखी मागा. कलम १९ तर सांगतं की घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणाला तिथे ठेवून घेता येत नाही. पण यात एक मेख आहे. हा कायदा नुसत्या बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार धरत नाही. तिच्यासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. म्हणून दोन्ही निदानं असतील तर ती कागदावर वेगवेगळी लिहून घ्या. कुणी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ लिहिलं तर बदलायला लावा. इंग्लंडात त्याचा अर्थ बौद्धिक अक्षमता होतो, आपल्याकडे तो वाचन-लेखनाच्या अडचणींचा वेगळा प्रकार, आणि खिडकीवरचा कारकून अर्थ लावत बसत नाही.

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधारवरचा पत्ता, बँकेचं खातं, ही कामं माणूस घरी यायच्या आधीच हातात घ्या. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन आणि राष्ट्रीय न्यासाचा १ लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमा, दोन्हींच्या अर्जाला कागदपत्रांची चळत लागते. कायदेशीर पालकत्व राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीकडून मिळतं. जिथे खरोखर अडेल तिथेच मागा, असं माझं मत. भाऊजी बँकेत स्वतः अंगठा उठवतात आणि मग दिवसभर ती शाई सगळ्यांना दाखवत फिरतात.

औषधांचं मात्र चोख हवं. फिटचं औषध एकाएकी बंद पडता कामा नये, म्हणून निघतानाच महिनाभराचा साठा घ्या आणि तीच गोळी आपल्या फार्मसीत मिळते का हे आधी विचारून ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८. तोंडात चमचा नाही, नाकाशी कांदा नाही, चप्पल तर नाहीच. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण फिट येईल तेव्हा घरात नेमक्या सासूबाई एकट्या असतील. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडेल अशी करून घ्या. अंगणातल्या विहिरीवर जाळी हवीच, कठडा असला तरी.

आणि माणूस अचानक चिडायला लागला, जेवेनासा झाला, तर ‘वेडेपणा वाढला’ म्हणू नका. आधी दात बघा, कान बघा, पोट साफ होतं का बघा. आमच्याकडे कारण दुखरी दाढ निघालं.

आणायचा दिवस नीट निवडा. चतुर्थीच्या आठवड्यात मुळीच नको. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) पंचवीस माणसं आणि दारात फटाके, अशा घरात कुणाला आपलं वाटेल? पाऊस सुरू होतानाही नको, कारण वीज जाते आणि अंधारात नवं घर आणखी परकं होतं. इस्पितळ रजा देत असेल तर आधी एक दुपार जेवायला आणा, मग एक रात्र, मग तीन. परत सोडताना रडारड होते, पण ती पायरी गाळू नका. दर खेपेला त्यांनाच विचारा. भाऊजींनी मी रंगवलेली खोली नाकारली आणि ओसरीजवळची अंधारी खोली निवडली, कारण तिथून दार दिसतं.

शेजारी आणि कोपऱ्यावरचा गाडेवाला, यांना दोन शब्द सांगून ठेवा. फार खुलासे नकोत. एवढंच, की हे आमचे भाऊजी, वाट चुकले तर हाक मारा. दिवसाचं कामही आधीच ठरवा. वॉर्डात भाऊजी चादरींच्या घड्या घालायचे. घरी आल्यावर आम्ही त्यांना पाहुण्यासारखं बसवून ठेवलं आणि ते दिवसेंदिवस गप्प होत गेले. आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या त्यांच्याच. माझ्या घड्या ते उलगडून पुन्हा घालतात.

एक गोष्ट आम्ही पुरती विसरलो, ती तुम्ही यादीत घाला. मागे कोण राहिलं? शेजारच्या खाटेवरचा माणूस १२ वर्षांपासूनचा सोबती होता. महिनाभर भाऊजी संध्याकाळी दोन ताटं मांडायचे आणि आम्हाला वाटायचं मोजता येत नाही. शेवटी अटेंडंटला विचारून रविवारी चार वाजता फोन लावायला लागलो. दोघं बोलत काहीच नाहीत. पदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत आला की भाऊजी फोन रस्त्याच्या दिशेने धरतात, आणि पलीकडून हसू ऐकू येतं.